अंगठा देण्यापूर्वी

दिवाळी सरते, कोरडवाहू रानातला माल घरात येतो आणि अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागांतल्या पाड्यांवरची माणसे कामाच्या वाटेला लागतात. पूर्वी ही वाट बहुतेक करून उसाच्या फडाकडे जाई. आजही जाते. पण घरातली तरुण मुले आता सुरतेकडे, नाशिक-पुण्याकडे इमारतींच्या कामावरही जातात. सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायच्या, लोखंड बांधायचे, घमेल्याने माल चढवायचा, पाया खणायचा. होळीला परत यायचे, पावसाळ्यात पेरणी करायची आणि पुन्हा गाडी धरायची, असा वर्षाचा फेरा ठरून गेला आहे.

या फेऱ्यात एखाद्या घरी मुकादमाचा फोन येतो. परांचीवरून पाय सुटला, नाहीतर मातीची भिंत अंगावर आली. माणूस दवाखान्यात आहे, लवकर या. घरचे लोक उसनेपासने करून पोहोचतात. परका मुलूख, परकी भाषा, खाटेवर कर्ता माणूस. दोन दिवसांनी ठेकेदाराचा माणूस येतो, हातावर दहा-वीस हजार ठेवतो आणि एक कागद पुढे करतो. कागदावर लिहिलेले असते की मला सर्व पैसे मिळाले, यापुढे माझी काही तक्रार नाही. शाईचा डबा त्याने बरोबरच आणलेला असतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या सदरात आजवर आपण सातबारा, वाटणी, कर्ज अशा विषयांवर बोललो. आज त्या कागदाविषयी बोलू. कारण घरच्यांना वाटते, ठेकेदार भला म्हणून काहीतरी देतो आहे, हात जोडून घ्यावे. प्रत्यक्षात कायद्याने ठरलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट असते आणि ती मागण्याचे दार आपल्या जिल्ह्यातच उघडे असते.

कायदा काय सांगतो

फार वर्षांपूर्वी मजूर जखमी झाला, तर त्यालाच कोर्टात सिद्ध करावे लागे की चूक मालकाची होती. गरिबाला ते कुठून जमणार? म्हणून १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याचे सूत्र सोपे होते. काम करत असताना आणि कामामुळे अपघात झाला, की मालकाने भरपाई द्यायची. चूक कोणाची, हा प्रश्नच मुळी विचारायचा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ हिने घेतली आहे. नाव बदलले, सूत्र तेच राहिले. त्या तारखेच्या आधी झालेल्या अपघाताला जुना कायदा लागतो, नंतरच्या अपघाताला नवी संहिता.

मालकाला या जबाबदारीतून सुटायला थोड्याच वाटा आहेत. मजूर दारूच्या किंवा नशेच्या अमलात होता, त्याने सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडला, अथवा दिलेले सुरक्षिततेचे साधन मुद्दाम काढून टाकले आणि त्यामुळेच अपघात झाला, असे मालकाने दाखवले तर तो सुटू शकतो. पण मजुराचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ही सबबही चालत नाही. कामावर टोपी आणि कमरेचा पट्टा दिला असेल तर तो वापरावा हे खरेच. पण पट्टा दिलाच नव्हता आणि ‘पट्टा लावला नाही’ म्हणून भरपाई नाकारली, तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही.

सुताराचा हात

एका माणसाची हकीकत सांगतो. ओरिसातील कोरापुट जिल्ह्यात जेपूर नावाचे गाव आहे. तिथल्या एका चित्रपटगृहात एक सुतार नक्षीचे काम करत होता. महिन्याला १२० रुपये मजुरी. ६ जुलै १९६८ रोजी तो काम करताना वरून पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. पुढच्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, त्याने मालकाला लेखी नोटीस दिली. मालकाने उत्तर पाठवले की हा काही माझा नोकर नाही, तो तर किरकोळ ठेका घेणारा माणूस आहे, आणि पडला तो त्याच्याच चुकीने.

आज सुरतेच्या दवाखान्यात ठेकेदाराच्या तोंडी हीच दोन वाक्ये असतात. ‘तो माझा माणूस नाही’ आणि ‘चूक त्याचीच होती.’ सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांत त्यात काही नवी भर पडलेली नाही.

आयुक्तांनी सुताराच्या बाजूने निकाल दिला. भरपाई ९,८०० रुपये, वर पन्नास टक्के दंड आणि व्याज. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचे म्हणणे असे, की एक हात गेला म्हणजे अपंगत्व अर्धवट आहे, पूर्ण नाही. ४ डिसेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही, तेव्हा त्याच्यापुरते ते पूर्ण अपंगत्वच आहे, असे न्यायालयाने मानले. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, असेही स्पष्ट केले. मालकाचे अपील फेटाळले गेले.

या निकालातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की शरीराचा किती भाग गेला एवढेच पाहायचे नसते, तो माणूस ज्या कामावर पोट भरत होता ते काम त्याला आता जमते का, हेही पाहायचे असते. लोखंड बांधणाऱ्याच्या पंजाला आणि दुकानात बसणाऱ्याच्या पंजाला सारखे मोल नाही. दुसरी गोष्ट व्याजाची. मालक जितका उशीर करील तितके त्याचे देणे वाढत जाते. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती. त्यात व्याज १२ टक्के होते. व्याज आणि दंड नव्या संहितेतही आहेत.

पैसे मागायचे कोणाकडे

गावातल्या मुकादमाने नेले, मुकादमाने ते ठेकेदाराच्या हवाली केले, ठेकेदाराने मोठ्या कंपनीचे काम घेतलेले. अपघात झाला की प्रत्येक जण वरच्याकडे नाहीतर खालच्याकडे बोट दाखवतो. कायद्याने याचा बंदोबस्त केला आहे. ज्याचा धंदाच बांधकामाचा आहे आणि ज्याने आपले काम ठेकेदाराकडून करून घेतले, त्या मूळ मालकाकडेही मजूर थेट भरपाई मागू शकतो. मूळ मालकाने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. तो त्यांचा आपसातला हिशेब आहे. म्हणून दाव्यात मुकादमापासून मूळ कंपनीपर्यंत सगळ्यांची नावे घालावीत.

‘रोजंदारीवर होता, हजेरीत नाव नाही, चारच दिवस झाले होते’ या सबबींनाही घाबरू नये. २००० सालच्या दुरुस्तीने तात्पुरत्या मजुराला वगळणारे शब्द कायद्यातून काढून टाकले. चौथ्या दिवशी पडलेला मजूरही मजूरच आहे. मात्र कामाची जागा राज्य विमा योजनेखाली, म्हणजे ईएसआयखाली, येत असेल तर भरपाई त्या योजनेतून मिळते, मालकाकडून वेगळी मागता येत नाही. मजुरीतून ईएसआयची कपात होत होती का, एवढे विचारून घ्यावे.

हिशेब कसा होतो

रक्कम ठरते ती तीन गोष्टींवर. मजुरी किती, वय किती आणि इजा कोणती. कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे, त्यात प्रत्येक वयापुढे एक आकडा दिला आहे. विसाव्या वर्षी २२४.००, पंचविसाव्या वर्षी २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७. वय जितके कमी तितका आकडा मोठा, कारण कमावण्याची वर्षे जास्त गेलेली असतात.

समजा, शहादा तालुक्यातला तीस वर्षांचा मजूर आहे आणि त्याची महिन्याची मजुरी १२,००० रुपये आहे.

त्याचा मृत्यू झाला तर मजुरीचा निम्मा भाग, म्हणजे ६,००० रुपये, गुणिले २०७.९८. रक्कम होते १२,४७,८८० रुपये.

तो कायमचा पूर्ण अपंग झाला तर मजुरीचा साठ टक्के भाग, म्हणजे ७,२०० रुपये, गुणिले २०७.९८. रक्कम होते १४,९७,४५६ रुपये. मृत्यूपेक्षा ही जास्त, कारण त्या माणसालाही जगायचे आहे.

इजा अर्धवट असेल तर कायद्याच्या यादीत तिचे टक्के दिलेले आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के. एकाच हाताची दोन बोटे गेली तर २०. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. पूर्ण पंजा गेला तर ६०. आपल्या उदाहरणातल्या मजुराचा एक डोळा गेला, तर १४,९७,४५६ चे ४० टक्के, म्हणजे सुमारे ५,९८,९८२ रुपये होतात. अंगठा गेला तर सुमारे ४,४९,२३७ रुपये. यादीत नसलेली इजा, जसे कमरेचे किंवा मणक्याचे दुखणे, असेल तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली हे डॉक्टरांच्या दाखल्यावरून ठरते.

हाड मोडले पण पुढे बरे होणार असेल, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा भाग मिळतो. १२,००० मजुरी असेल तर पंधरवड्याला ३,००० रुपये. तीन महिने खाटेवर पडला तर १८,००० रुपये. त्याशिवाय औषधपाण्याचा जो खरा खर्च झाला तो मालकाने भरून द्यायचा आहे. म्हणून औषधाच्या दुकानातली चिठ्ठीसुद्धा फेकू नये.

एक लक्षात ठेवावे. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरण्याचे ठरले होते. मजुरी त्याहून अधिक असली तरी हिशेब तेवढ्यावरच होई.

आता हा हिशेब आणि शाईच्या डब्याबरोबर आलेले दहा-वीस हजार शेजारी शेजारी ठेवून पाहा.

त्या कागदाचे काय

मजुराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिला, असा कोणताही करार कायद्यापुढे टिकत नाही. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते, आणि रक्कम फारच कमी असेल किंवा फसवून, दडपून तडजोड केली असेल, तर नोंद नाकारता येते. नोंद न केलेल्या कागदाच्या जोरावर मालकाची सुटका होत नाही. जुन्या कायद्यात तर असेही होते, की अशा वेळी मालकाने आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम त्याला भरपाईतून वळती करता येणार नाही, आयुक्तांनी वेगळे सांगितले तरच गोष्ट वेगळी.

मजुराचा मृत्यू झाला असेल तर नियम आणखी कडक आहे. ती रक्कम मालकाने घरच्यांच्या हातात द्यायचीच नाही, अधिकाऱ्याकडे जमा करायची. मग अधिकारी विधवा, मुले, आईवडील यांच्यात ती वाटून देतात. फक्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल घरच्यांना थेट देता येते. हा नियम विधवेच्या रक्षणासाठी आहे. पैसा रोख हातात आला की वाटेत मुकादम, दूरचा भाऊबंद, देणेकरी असे किती हात पुढे येतात, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून ज्यांनी आधीच अंगठा दिला असेल त्यांनीही निराश होऊ नये. दार बंद झालेले नाही. आणि ज्यांच्यापुढे आज कागद आला आहे त्यांनी एवढेच म्हणावे, की पैसे घेतो, मिळालेल्या रकमेची पावती देतो. ‘तक्रार नाही’ या ओळीखाली मात्र अंगठा देत नाही.

दावा आपल्या जिल्ह्यात

सुरतेला अपघात झाला म्हणजे सुरतेलाच खेटे घालावे लागतील, या भीतीने कितीतरी घरे गप्प बसतात. १९९५ च्या दुरुस्तीने ही अडचण दूर केली. अपघात जिथे झाला तिथे, किंवा मजूर अथवा त्याच्या घरचे जिथे राहतात तिथे, किंवा मालकाची नोंदलेली कचेरी जिथे आहे तिथे, यांपैकी कोठेही दावा दाखल करता येतो. नव्या संहितेतही ही सोय आहे. म्हणजे धडगावच्या विधवेला नंदुरबारात दाद मागता येते. जुन्या कायद्यात हे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आयुक्त म्हणत, संहितेत सक्षम प्राधिकारी म्हटले आहे.

मुदत मात्र पाळावी. अपघातापासून, किंवा मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून, दोन वर्षांच्या आत दावा घालावा. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

वकिलाच्या फीची चिंता अनेकांना असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आपला जिल्हा तर आदिवासींचा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. तिथे साधा अर्ज द्यावा. दावा नेमका कोणत्या अधिकाऱ्यापुढे घालायचा हेही तिथेच विचारावे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

पहिल्या आठवड्यात काय करावे

कायदा कितीही चांगला असो, पुरावा नसेल तर तो लंगडा पडतो. आणि पुरावा पहिल्या आठवड्यातच गोळा होतो. पुढे इमारत उभी राहते आणि माणसे पांगतात.

दवाखान्यात केसपेपरवर ‘कामावर असताना उंचावरून पडला’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. पोलिसांची भानगड नको म्हणून ठेकेदाराची माणसे ‘घरी पाय घसरून पडला’ असे सांगतात. तेच पुढे दाव्यात आडवे येते. सरकारी दवाखान्यात पोलीस नोंद होते, तिचा क्रमांक लिहून ठेवावा. मृत्यू झाला असेल तर शवचिकित्सेचा अहवाल आणि पंचनाम्याची नक्कल मागावी.

कामाच्या जागेवर कंपनीचा फलक असतो. मोबाईलवर त्याचा फोटो काढावा. परांची, तुटलेली फळी, पडलेली जागा यांचेही फोटो काढावेत. बरोबर काम करणाऱ्या निदान दोघांची नावे, गावे आणि फोन लिहून घ्यावेत. ते बहुधा आपल्याच बाजूचे असतात, होळीला गावी भेटतात.

मजुरी किती होती याला पुरावा लागतो. बँकेत किंवा मोबाईलवर पैसे आले असतील तर ती नोंद, मुकादमाच्या वहीचे पान, हजेरीचे कार्ड, काहीही चालते.

मालकाला लवकरात लवकर लेखी कळवावे. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, कसा जखमी झाला, एवढे साध्या मराठीत लिहिले तरी पुरे. कागद पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा आणि नक्कल घरी ठेवावी. मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करायची म्हटले तर नकार देऊ नये, नकार दिल्यास हक्क तात्पुरता अडतो.

विधवेच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक अडचण येते. रीतीप्रमाणे लग्न झालेले असते, पण कागद नसतो. रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले, ग्रामपंचायतीचा दाखला यांवरून नाते दाखवता येते. कर्ता माणूस धडधाकट असतानाच ही कागदपत्रे नीट करून ठेवली तर उत्तम.

सरकारी मदत वेगळी, भरपाई वेगळी

३१ जुलै २०२३ च्या रात्री ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उचलणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जणांचे प्राण गेले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख जाहीर झाले. अशा मदतीला सानुग्रह मदत म्हणतात. मोठी दुर्घटना घडली, वर्तमानपत्रात आली, की ती जाहीर होते. एकटा मजूर एका इमारतीवरून पडतो तेव्हा कोणी काही जाहीर करत नाही. त्याच्या घराला आधार असतो तो कायद्याचाच. आणि सानुग्रह मदत मिळाली म्हणून मालकाची भरपाई चुकत नाही.

याशिवाय आणखी तीन ठिकाणांची माहिती असावी.

पहिले, बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ. ज्या राज्यात काम करतो त्या राज्याच्या मंडळात नोंदणी करायची. महाराष्ट्रात १८ ते ६० वयाच्या आणि मागल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची नोंदणी होते. नोंदणी चालू असताना कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसाला ५ लाख रुपये, आणि विधवेला वर्षाला २४,००० रुपये पाच वर्षे मिळण्याची योजना आहे. नोंदणीचे दर वर्षी नूतनीकरण करायला विसरू नये.

दुसरे, बँकेतला २० रुपयांचा विमा, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. अपघाती मृत्यूला २ लाख. खात्यात ऐन वेळी २० रुपये शिल्लक नसल्याने विमा बंद पडलेली घरे आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरे, खास आपल्यासाठी. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख. मजुरीला गेला म्हणून शेतकरी शेतकरी राहत नाही असे नव्हे. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे वेळ न दवडता अर्ज करावा.

ही सारी वेगवेगळ्या विहिरींची पाणी आहेत. 

वाटेत अपघात झाला तर

कामावर जाता-येता झालेल्या अपघाताविषयी पुष्कळ वाद होता. धाराशिव जिल्ह्याच्या भागातला एक साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटेच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे विधवा, चार मुले आणि म्हातारी आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परत मिळवून दिले. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर वाटेतला अपघातही कामावरचाच मानावा, असा निर्णय झाला. नव्या संहितेत तर हे स्पष्ट शब्दांतच लिहिले आहे. गाडीच्या अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते, पण दोन्हींपैकी एकच वाट धरता येते. कोणती धरावी हे वकिलाला विचारून ठरवावे.

बावीस वर्षे हा काळ थोडा नव्हे, हे खरे. जुन्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असे घातले होते, तरी प्रत्यक्षात वेळ लागतो. म्हणूनच कागद पहिल्या दिवसापासून पक्के असावे लागतात.

आपल्याच विहिरीवर

आता थोडे कटू वाटेल असे. आपण कधी मजूर असतो, तसे कधी मालकही असतो. बारा फुटांहून खोल खोदकाम, सुरुंग लावून केलेले खोदकाम, कूपनलिकेचे काम, ट्रॅक्टरने केलेली शेती, बारा फूट किंवा त्याहून उंच घराचे बांधकाम, ही सारी कामे भरपाईच्या कायद्याच्या यादीत आहेत. स्वतः मजूर लावून विहीर खोदली आणि दरड कोसळली, तर उद्या नोटीस आपल्या नावे येईल. तेव्हा काठावर माती रचू नये, सुरुंगाच्या वेळी कोणाला आत ठेवू नये, दोर आणि रहाट रोज पाहावा. आपल्या पोराला सुरतेत जो न्याय हवा, तोच आपल्या विहिरीत उतरणाऱ्या माणसालाही हवा.

यंदा निघण्यापूर्वी

घर सोडताना एका कागदावर एवढे लिहून ठेवावे. मुकादमाचे नाव व फोन, ठेकेदाराचे नाव, कामाची जागा, ठरलेली मजुरी आणि बरोबर जाणाऱ्या दोघांची नावे. जागा बदलली की फोन करून घरी कळवावे आणि घरच्या लिहित्या-वाचत्या मुलीने ती त्याच कागदावर टिपून ठेवावी. देव करो आणि त्या कागदाची कधी गरज न पडो. पण पडलीच, तर अपघाताची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर मोठ्या अक्षरात लिहा, तिच्यापुढे दोन वर्षे मोजा आणि त्या मुदतीची वाट न पाहता तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा.

पुढील अंकी ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब कसा ठेवावा ते पाहू.